डाव्या हाताचा टाका

औंढ्याच्या स्टँडवर हिंगोलीची गाडी काही लागत नव्हती. परतीचा पाऊस पत्र्यावर असा बदाबदा कोसळत होता की माइकवरून कंट्रोलर काय सांगतायत ते कुणाच्याच कानात शिरत नव्हतं. मी आपली कोपऱ्यातल्या बाकावर बसून पर्सच्या बंदाला दोऱ्यानं गाठी मारत होते. खुळी-बिळी नाही हो मी. सर्जरी शिकणाऱ्यांना ही खोडच असते. दोरा हातात आला की बोटं स्वस्थ बसत नाहीत... खुर्चीचा हात दिसो, बादलीची कडी दिसो, बांधली गाठ.

समोर एकजण बसला होता. स्वतः नखशिखान्त भिजलेला, आणि मांडीवरची बॅग मात्र खताच्या पोत्याच्या प्लास्टिकात गुंडाळून कोरडी ठाक ठेवलेली. बॅगेकडं लक्ष द्यायचं सोडून तो माझ्या बोटांकडं बघत होता. मी भुवया वर केल्या. दुसरा कुणी असता तर नजर चोरली असती. हा हसला.

"काय विणून राहिल्या?"

"विणत नाहीये. गाठी मारतेय."

"कशाला?"

"सुटू नयेत म्हणून."

"मग एवढ्या? पर्समधी असं काय हाय तरी?"

मला हसू आलं. मग सांगितलं, की मी डॉक्टर आहे, हिंगोलीच्या मोठ्या दवाखान्यात सर्जरी शिकतेय, आणि ह्या गाठी पोटातल्या आहेत, पर्सच्या नाहीत. त्यानं नीट ऐकून घेतलं, पुन्हा एकदा हाताकडं पाहिलं आणि म्हणाला, "डाव्या हातानं?"

झालं. माझा हात आपोआप ओढणीखाली गेला. त्याला ते दिसलं, आणि बघून न बघितल्यासारखं करून तो पावसाकडं तोंड फिरवून बसला. वर विषय बदलून, औंढ्याच्या ह्या स्टँडवर भजी कशी तेलकट मिळतात ते सांगू लागला. फार सभ्य वाटलं मला ते. पुढं ह्याच सभ्यपणानं माझी वाट लावली, पण ते येईलच.

त्याचं नाव प्रज्ञेश. मूळचा हट्टा गावचा, हिंगोलीत अकोला रोडला त्याचा फोटो स्टुडिओ. लग्नं, साखरपुडे, बारशी, सगळं शूट करायचा. गाडी लागली तेव्हा धावपळीत त्यानं कार्ड काढून हातात दिलं.

"लग्न ठरलं की फोन करा," तो म्हणाला.

"आणि नाही ठरलं तर?"

"तरी करा..."

गाडीत खिडकीशी बसून मी ते कार्ड उगाचच उलटंसुलटं बघत राहिले. आवडला होता मला. आता लपवायचं कशाला?

हाताचं आधी सांगून टाकते. मी जन्माची डावखुरी. आणि आमच्या शिरड शहापुरात डावखुरी पोरगी म्हणजे आईबापाच्या वळणाचा प्रश्न. घास डाव्या हातानं उचलला की आई चापटी मारायची. पाहुण्याला पाणी डाव्या हातानं दिलं की चापटी. विहारात फूल वाहताना डावा हात पुढं झाला की सगळ्या बायांसमोर चापटी. आई वाईट नाही माझी, तिच्यासारखी कष्टाळू बाई गावात दुसरी नाही, पण लेकीला कुणी नावं ठेवलेली तिला सोसत नाहीत. मग मी उजव्या हातानं लिहायला शिकले, जेवायला शिकले. पण सुरी हातात आली की डावाच हात पुढं होतो, त्याला मी काय करू? ऑपरेशनला आमच्या केशरबाई सिस्टर माझ्यासाठी सगळी हत्यारं दुसऱ्या बाजूनं मांडून ठेवतात, अवाक्षर न बोलता. बाहेर मात्र कुणाला पत्ता नाही. घरी तर नाहीच नाही. डॉक्टर झाली म्हणजे पोरगी सुधारली, असं आईनं धरून चाललेलं.

त्यात आमच्या देविदास सरांच्या डोक्यात व्हिडिओ शिरले. सर आमचे विभागप्रमुख. त्यांनी बघितलं की ज्युनिअर पोरं राउंड संपला की मोबाइलवर परदेशातल्या सर्जनांचे रील बघत बसतात. सर म्हणाले, बघतातच आहेत तर आपलं बघू देत. तिथं खोलीभर यंत्रं, आणि इंग्रजी तर असं की पळत्या गाडीत चढल्यासारखं वाटतं. आपल्याकडं जी हत्यारं आहेत त्यावर, आपल्या भाषेत, एकेक टाका शिकवा. पेज काढायचं, महाराष्ट्रातल्या कुठल्याही शिकणाऱ्या पोरानं बघावं. आणि हे काम कुणाकडं? माझ्याकडं. कारण टाके माझे स्वच्छ पडतात, हे खुद्द सरांचं म्हणणं.

मी हो म्हणाले, पण माझ्या हो मागं एक गोष्ट होती. पहिल्या वर्षी मी डाव्या हाताचा धडा सगळीकडं शोधला होता. मराठीत तर एकही नाही. शेवटी उजव्या हातानं शिकवणाऱ्यांचा व्हिडिओ बाथरूमच्या आरशासमोर धरायचा आणि आरशात बघून शिकायचं, असं मी शिकले. होस्टेलच्या मुली हसायच्या. माझ्यासारखी एखादी पोरगी आत्ता कुठंतरी आरशासमोर मोबाइल धरून उभी असेल, तिला माझा हात सरळ दिसला पाहिजे. लोकांनी बघावा, गावानं बघावा, आईनं बघावा... ठरवलं ते ठरवलं.

कॅमेऱ्यासाठी माणूस पाहिजे म्हटल्यावर कार्ड माझ्या पर्समध्ये होतंच. फोन केला तर तो म्हणतो, "ठरलं व्हय लग्न?"

"नाही ठरलं."

"मंग बरं झालं," म्हणाला. नंतर गडबडून, "म्हणजे... काम सांगा."

केळीच्या सालीपासून सुरुवात केली. साल कापायची आणि शिवायची. मग उशीवर, मग फोमवर. पहिल्या दिवशी त्यानं लग्नातल्या सवयीनं मला सांगितलं, "मॅडम, आता जरा मान तिरपी, अन् लाजून बघा." केशरबाई सिस्टर इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा मास्कवरून घसरला. ऑपरेशन थिएटरमध्ये हिरव्या कापडांपासून लांब उभं राहायचं, हे सिस्टरनी त्याला असं दटावून शिकवलं की तो भिंतीला चिकटूनच चालायचा. पण काम चोख. कुठल्या बोटाकडं बघायचं ते त्याला मी सांगायच्या आत कळायचं. मी टाका ओढला की कॅमेऱ्यामागून बारीक "हं..." ऐकू यायचं, आणि मला वाटायचं, अजून एक टाका घालावा.

शूट संपलं की टपरीवर चहा. तो बशीत ओतून प्यायचा, मी कपानं. लग्नातल्या गमती सांगायचा. मी जखमा सांगायचे. जखमा ऐकून तो चहा बाजूला ठेवायचा, पण ऐकायचं सोडायचा नाही. एकदा म्हणाला, माझ्या आयुष्यात मी इतका वेळ कुणाचा हात बघितला नाही. मी म्हटलं, मग तोंड बघा जरा. तो म्हणाला, "तिकडं बघितलं की फोकस हालतोय." असलं बोलून स्वतःच कानापर्यंत लाल व्हायचा.

सिद्धेश्वरच्या धरणावर गेलो तो दिवस तर मला अजून पाठ आहे. पेजसाठी सुरुवातीचं चित्र पाहिजे होतं, मागं पाणी आणि पुढं गाठ मारणारा हात. दरवाजे उघडले होते, तुषार तोंडावर येत होते. मी काठावर बसून जाडसर दोऱ्यानं गाठ मारत होते, तो गुडघ्यावर बसून शूट करत होता. एवढ्यात जाळी खांद्यावर टाकून कोळ्यांची माणसं आमच्या दिशेनं आली, आणि मी सवयीनं दोरा उजव्या हातात घेतला. ती पुढं गेली, मी पुन्हा डाव्यात घेतला. मला तर कळलंही नाही. प्रज्ञेशनं ते पाहिलं. नुसता माझ्याकडं इतक्या मायेनं बघत राहिला की माझी गाठ चुकली. तिथंच मला कळून चुकलं, की मी ह्या माणसाच्या प्रेमात पार बुडाले आहे.

तो काय समजला होता, ते मला फार उशिरा कळलं.

पहिलं खरं ऑपरेशन मिळालं रामसिंग काकांचं. तांड्यावरचे. अपेंडिक्स सुजलेलं. सरांनी त्यांना बसून समजावलं की शिकणाऱ्या पोरांसाठी शूट करायचंय, तोंड दिसणार नाही, नको असेल तर नाही म्हणा, ऑपरेशन तसंच होईल. काकांनी परवानगी दिली, फक्त एकच तक्रार केली. "पोट दावता, मंग तोंड काहून न्हाई? तोंड बेस हाय की माझं." ऑपरेशन छान झालं. मी डाव्या हातानं चीर घेतली, डाव्या हातानं बांधलं, डाव्या हातानं शिवलं. सर समोर मदतीला उभे होते, तेही एकदा "वा" म्हणाले.

व्हिडिओ तयार झाला त्या दिवशी सर परगावी गेलेले, आणि मी अपघात विभागात. दोन जीपांची धडक झाली होती, बसायलाही फुरसत नाही. प्रज्ञेशनं व्हिडिओ पाठवून विचारलं, बघता का. मी सुरुवातीचा हात धुण्याचा भाग तेवढा बघितला, तो सरांवर होता, आणि लिहिलं की चालेल, लावून द्या पेजवर.

दुसऱ्या दिवशी दुपारी पेजवर ही झुंबड. मी खुशीत मोबाइल उघडला. पहिलीच कॉमेंट अशी, "हिंगोलीत अपेंडिक्स डावीकडं असतं का?" त्याखाली हसण्याचे चेहरेच चेहरे. दुसऱ्यानं लिहिलेलं, सर्जन बाईंना आधी डावं-उजवं शिकवा. कुणी हिंगोलीचा नकाशा उलटा करून टाकलेला.

मी व्हिडिओ लावला. माझाच आवाज सांगत होता, पोटाच्या उजव्या बाजूला चीर घ्यायची. आणि पडद्यावर चीर डाव्या बाजूला. हात माझेच, तीच बोटं, अंगठ्याजवळचा तोच जुना विळ्याचा वण. फक्त सुरी... उजव्या हातात.

आधी काही समजेना. मग समजलं आणि डोक्यात तिडीक गेली. सगळं चित्रच उलटं करून टाकलेलं. सरांचा फोन आला. ओरडले नाहीत, ते वाईट झालं. एवढंच म्हणाले की बाजू चुकणं ही सर्जनची सगळ्यात मोठी चूक, आणि ती आपण शिकवायला बसलो. व्हिडिओ काढून टाका. पेजही बंद. तुमची परीक्षा तोंडावर आहे, आता हे डावं-उजवं पुन्हा नको.

मी तशीच स्टुडिओत गेले. प्रज्ञेश कुठल्यातरी लग्नाचं एडिटिंग करत होता. पडद्यावर नवरी नवऱ्याला घास भरवत होती. माझ्या तोंडाकडं बघूनच तो उठून उभा राहिला.

"माझा हात उलटा केलात तुम्ही?"

"व्हय..."

"काहून?"

त्यानं पडद्याकडं बोट केलं. मी नीट पाहिलं. त्या नवरीचा पदर उजव्या खांद्यावर होता. असा कोण घेतं? मग त्यानं खालमानेनं सांगितलं. नवरीनं डाव्या हातानं घास दिला, डाव्या हातानं हार धरला, की लग्नाचा व्हिडिओ बघताना सासरचे बोलतात. घरात भांडणं होतात. म्हणून इकडचे सगळे शूटिंगवाले तेवढा भाग उलटा करून टाकतात, मागचा नावाचा फलक दिसणार नाही असा कापून. नवरी खुश, सासर खुश. पदराकडं कोण बघतंय?

"स्टँडवर तुमी हात झाकला," तो म्हणाला. "धरणावर ती माणसं आली तवा दोरा बदलला. मला वाटलं, लोकांनी बघितलं तर तुमाला तकलीफ होईल. म्हणून केलं."

"पोट आहे ते प्रज्ञेश! पोटाला उजवं-डावं असतं!"

"ते माझ्या ध्यानातच न्हाई आलं. मी नुसता हात बघून राहिलो होतो."

आता बोला. राग करायचा तर कशावर करायचा? पण मला रडू आलं ते त्या पोटापायी नव्हतंच. जन्मभर ज्यानं त्यानं माझा हात झाकला होता. आईनं झाकला, शाळेतल्या बाईंनी झाकला, मी झाकला. एक माणूस भेटला होता जो तासन्‌तास त्याच्याकडं बघत बसायचा, आणि त्यानंही शेवटी तेच केलं. मी त्याला हे सगळं सांगितलं, रडत, नाक पुसत, अगदी ध्यान झालं असणार माझं. आणि म्हटलं, "मला एकदा विचारलं का नाही तुम्ही? एकदा? तो हात दिसावा म्हणूनच तर मी उभी राहिले होते."

मी निघून आले.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. त्याचे फोन मी घेतले नाहीत. टपरीवर गेले नाही, कारण तिथं बशी दिसली असती. एवढी आठवण यायची की स्वतःचाच राग यायचा. पेज बंद, कॉमेंटवाले हसून मोकळे, आणि ती कुठली आरशासमोरची पोरगी आरशासमोरच.

आणि एक दिवस ओपीडीत सरांच्या खोलीबाहेर पेशंटच्या रांगेत हा उभा. रीतसर केसपेपर काढून. मला बघून रांग सोडून पुढं यायचा प्रयत्नही केला नाही. आपला नंबर आल्यावर आत गेला. आत काय झालं ते सरांनीच नंतर मला सांगितलं. सरांनी विचारलं, काय होतंय. हा म्हणाला, होत काही नाही, मोठी चूक झालीय. मग लॅपटॉप उघडून मूळचं चित्रण सरांसमोर ठेवलं, सरळ, कुठं हात न लावलेलं. म्हणाला, मॅडमचं सगळं बराबर होतं, उलटं मी केलं, शिक्षा मला करा, त्यांचं पेज बंद ठेवू नका. सर पेशंट थांबवून ते सगळं बघत बसले. ऑपरेशनला ते समोरच होते, पण स्वतःच्या हातातलं काम सोडून माझा हात असा त्यांनी पहिल्यांदाच पाहिला, असं ते म्हणाले.

सरांनी मला आत बोलावलं. एक अट घातली. व्हिडिओ पुन्हा लावायचा तर सुरुवातीला तोंड दाखवून सांगायचं, बाजू कुठली आणि हात कुठला. आणि ते करायचं की नाही हे मी ठरवायचं, कारण परीक्षक जुन्या वळणाचे असू शकतात आणि पेज सगळेच बघतात.

बाहेर व्हरांड्यात प्रज्ञेश थांबला होता. दाढी वाढलेली, डोळे ओढलेले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

"तुमच्या घरचे बी बघतील," तो म्हणाला. "गाव बघंल. मला ठावं हाय आता, म्हणून विचारून राहिलो. लावायचा का?"

खरंच भीती वाटली. आईचा चेहरा डोळ्यांसमोर आला, विहारातल्या बाया आल्या, परीक्षेचं टेबल आलं. तो घाई न करता उभा राहिला. माझ्यासाठी कुणी असं थांबल्याचं मला आठवत नाही.

"लावायचा," मी म्हटलं. "आणि तोंडावरही फोकस नीट धरा."

"धरतो... हालला तर माफ करा."

मी कॅमेऱ्यासमोर उभी राहून सांगितलं, मी डॉक्टर संध्या, शिरड शहापूरची. मी डावखुरी आहे. ही पोटाची उजवी बाजू आहे आणि मी डाव्या हातानं काम करतेय. मागच्या वेळी चित्र उलटं झालं होतं, ज्यांनी हसून दाखवून दिलं त्यांचे आभार. बस, एवढंच. संध्याकाळपर्यंत हसणारे पांगले. आमची ज्युनिअर पोरं कुरकुरली की मॅडम, आता आम्हाला उलटं दिसतंय. मी म्हटलं, आरसा घ्या. आणि मग गडचिरोलीकडच्या एका मुलीचा मेसेज आला. "मॅडम, मी पण." तीनच शब्द. मी ते प्रज्ञेशला दाखवले.

घरून मात्र फोन नाही. बाबांच्या मोबाइलवर गावानं पाठवलाच असणार. सोनाजीची पोरगी व्हिडिओत आली म्हणून चावडीवर बोलणं झालंच असणार. तरी फोन नाही. रविवारी मी गावी निघाले, तर प्रज्ञेश म्हणाला, मी येऊ का. आता तो प्रत्येक गोष्ट विचारायला लागला होता. इथं बसू का, चहा सांगू का, खिडकी लावू का. मला हसू यायचं. म्हटलं, या.

बाबांनी जयभीम करून त्याला बाजेवर बसवलं. आई चुलीपुढून उठली नाही. तिथूनच तिनं विचारलं, "तुमीच का ते कॅमेरावाले? तिचा हात तुमीच दावला?"

"व्हय काकू. आदी लपवला बी मीच."

"लपवला ते बराबर केलं होतं."

"न्हाई काकू," तो हळू म्हणाला. "तिला विचारलं नव्हतं."

आई भाकरी थापत राहिली. बाबा छताकडं बघू लागले. मला वाटलं, आता हिचा पट्टा सुरू होणार. पण तिनं एवढंच विचारलं, की ज्याचं पोट फाडलं ते माणूस कसं आहे. मी सांगितलं, बरं आहे, चालत घरी गेलं, आता तोंड दाखवा म्हणून मागं लागलंय. आई थोडी हसली. मग तिनं पदराला हात पुसले, माझ्याकडं आली आणि माझा डावा हात ओढून स्वतःच्या हातात घेतला. उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला.

"लई मारलं म्या ह्याच्यावर," ती म्हणाली. "लागायचं का गं?"

नाही म्हणणार होते. आईला असं कशाला सांगायचं? पण मी म्हटलं, "लागायचं आई."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं तव्यावरची गरम भाकरी काढली, माझ्या त्याच हातावर ठेवली आणि म्हणाली, पाहुण्याला वाढ. मी वाढली. प्रज्ञेशनं दोन्ही हातांनी भाकरी घेतली.

जेवणं झाल्यावर मी त्याला रस्त्यापर्यंत सोडायला गेले. दोन्ही बाजूंनी हळद उभी, नुकतं पाणी दिलेलं, मातीचा ओला वास. तो चालता चालता दोनदा थांबला, काहीतरी म्हणायला गेला आणि पुन्हा चालू लागला. स्टँडवर पहिल्याच भेटीत "तरी करा" म्हणणारा हाच का तो, असं मला वाटलं.

"बोला ना," मी म्हटलं.

"तुमी मला लई आवडता," तो म्हणाला. "स्टँडवरच आवडल्या. पण मी एकदा तुमच्या मनाचं धरून चाललो अन् सगळं उलटं झालं. आता भेव वाटतंय. म्हणून... विचारू का एक?"

"विचारा."

"हात धरू का?"

मागं दारात आई उभी होती. शेजारच्या जिवनबाई धुणं वाळत घालायचं सोडून कुंपणाला टेकून बघत होत्या. रस्त्यानं दोन मोटरसायकली हळू झाल्या. मला सगळं दिसत होतं, आणि त्या सगळ्यांना मीही दिसत होते. मी हो म्हटलं, आणि आपला डावा हात पुढं केला. त्यानं तो धरला. गाडी येईपर्यंत आम्ही दोघं तसेच रस्त्याच्या कडेला उभे राहिलो, आणि मी तो काढून घेतला नाही.